सांध्यावरची पंचकोनी घरे

महाबळेश्वर तालुक्यात नव्या मधपाळांना प्रशिक्षण देताना मी पेटीतील एखादी चौकट मेणपत्रा न लावता मुद्दाम मोकळी ठेवतो, कारण मेणपत्र्यावर षटकोनी ठसे आधीच उमटवलेले असतात आणि त्यावरचे पोळे पाहून माशीच्या स्वतःच्या कसबाबद्दल फारसे काही कळत नाही. गेल्या हंगामात सातेरी जातीच्या मधमाश्यांच्या पेटीतून अशी एक चौकट उचलली, तेव्हा माश्यांनी वरच्या पट्टीच्या दोन्ही टोकांपासून काम सुरू केलेले आणि दोन पोळी मध्यावर येऊन भिडलेली दिसली. चौकट उन्हासमोर उभीच धरली, कारण तारेचा आधार नसलेले ताजे पोळे आडवे केले की गळून पडते. दोन्हीकडची घरे नीट षटकोनी होती, पण त्यांच्या ओळी एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि सांध्यावर पाच बाजूंच्या घराला लागून सात बाजूंचे घर, अशा जोड्या होत्या.

"सर, मग माशीला षटकोन येतो की नाही?" एका प्रशिक्षणार्थ्याने विचारले.

एकसारख्या सुसम आकृत्यांनी फट न ठेवता पृष्ठभाग भरायचा तर त्रिकोण, चौरस आणि षटकोन एवढेच पर्याय उरतात; तितक्याच क्षेत्रफळासाठी चौरसाला षटकोनापेक्षा सुमारे 7 टक्के आणि त्रिकोणाला सुमारे 22 टक्के जास्त भिंत लागते. मेण कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून पातळ पापुद्र्यांच्या रूपात स्रवते आणि त्यासाठी मेणाच्या वजनाच्या कितीतरी पट मध खर्ची पडतो, म्हणून ही बचत वसाहतीच्या जिवाची असते. षटकोनातील ही काटकसर चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या पॅपस या गणितज्ञाने सांगितली होती. कोणत्याही आकारांच्या समान क्षेत्रफळाच्या घरांत षटकोनी जाळीलाच सर्वांत कमी भिंत लागते, हे मात्र गणितज्ञ थॉमस हेल्स यांनी 1999 साली सिद्ध केले.

हे झाले फायद्याचे गणित. माशी घर बांधते कशी, हा प्रश्न वेगळा आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार घरे आधी गोल असतात आणि माश्यांच्या उबेने मऊ झालेले मेण ओढले जाऊन भिंती सरळ होतात. सगळे श्रेय उबेला देणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण त्याच चौकटीत होते. सांध्याच्या दोन-तीन ओळी आधीपासूनच घरे किंचित तिरकी आणि लहानमोठी झालेली होती, म्हणजे समोरून येणाऱ्या पोळ्याचा अंदाज घेऊन माश्यांनी मापे बदलली असावीत. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातही माश्या अशी पूर्वतयारी करत असल्याचे दिसले.

मग मी प्रशिक्षणार्थ्यांना पोळ्याचा खालचा भाग दाखवला. तिथे कामकरी माश्यांची लहान घरे संपून नरांची मोठी घरे सुरू होत होती, आणि या बदलासाठीही माश्यांनी मधल्या मापाची घरे बांधली होती.