रॅमिलीज स्ट्रीटवरचं तळघर

लंडनचे पहिले चार दिवस सगळे जातात तिथेच गेले. पूल, राजवाडा, बोट, पाऊस. पाचव्या दिवशी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या गर्दीने जीव नकोसा झाला. दिवाळीच्या आदल्या दिवशीचा लक्ष्मी रोड परवडला, तिथे धक्का लागला तर निदान कुणी मागे वळून बघतं. मी दिसेल त्या बोळात वळले, पायऱ्या उतरले, आणि समोर ‘द फोटोग्राफर्स गॅलरी’.

जुन्या विटांचं गोदाम, त्यावर नवे काळे मजले चढवलेले. वरची प्रदर्शनं पाहिली, पण माझा पाय अडकला तो तळघरातल्या पुस्तकांच्या दुकानात. आदल्याच दिवशी एका संग्रहालयाच्या दुकानात पानं उलटली म्हणून मला सगळ्यांदेखत टोकलं होतं. ते मनात सलत होतं. त्यामुळे इथे वेर्नर बिशॉफ या स्विस छायाचित्रकाराचं जाडजूड पुस्तक उघडलं तेही बिचकतच. १९५१ सालचा बिहारचा दुष्काळ. पोटाशी मूल धरून हात पुढे केलेली आई. त्या पानावरून मला हलता येईना. दुकानातला मुलगा जवळ आला तेव्हा वाटलं, आता हाही बोलणार. त्याने स्टूल आणून ठेवलं आणि निघून गेला.

तासभर बसले मी त्या स्टुलावर. नंतर त्यानेच या जागेची गोष्ट सांगितली. सू डेव्हिस नावाच्या बाईंनी जानेवारी १९७१ मध्ये ही गॅलरी सुरू केली, इथे नव्हे, लेस्टर स्क्वेअरजवळ ८, ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटला, लायन्स कंपनीच्या एका जुन्या चहाच्या दुकानात. चित्रांना भिंती होत्या, फोटोंना नव्हत्या. फक्त छायाचित्रांसाठी अशी सार्वजनिक गॅलरी तोवर ब्रिटनमध्ये नव्हतीच. पहिल्या प्रदर्शनात बिशॉफ यांचे फोटो होते. आणि हे सगळं उभं करायला बाईंनी राहतं घर गहाण टाकलं होतं.

‘गहाण’ म्हटल्यावर मला मिरज दिसलं. अप्पांनी फोटो मोठे करायचा एन्लार्जर घेतला तेव्हा आईच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या होत्या. आमचा स्टुडिओ म्हणजे पुढे पासपोर्ट फोटो, मागे डार्करूम आणि घरभर हायपो या फोटो धुण्याच्या रसायनाचा वास. लग्नाच्या अल्बमांवर घर चाललं. पण अप्पांनी मनापासून काढलेले फोटो, पंढरीच्या वाटेवरचे, कृष्णेच्या पुराचे, पत्र्याच्या ट्रंकेत राहिले. ते कधी भिंतीवर लागले नाहीत. मिरजेत तशी भिंत नव्हती.

पुस्तक महाग होतं. तरी घेतलं. नवऱ्याने ठरवलेलं खरेदीचं दुकान राहून गेलं, त्याचं मला काही वाटलं नाही. मी चालत ग्रेट न्यूपोर्ट स्ट्रीटला गेले. २००८ मध्ये गॅलरी तिथून हलली, २०१२ मध्ये रॅमिलीज स्ट्रीटची इमारत नव्याने उघडली, त्यामुळे तिथे बघायला काही नाही, हे माहीत होतं. फुटपाथवर उभी राहिले, इतकंच.

रात्री अप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

“चाललं का गं मग तिचं दुकान?”

“वीस वर्षं तिने स्वतः चालवलं, अप्पा. अजून चालू आहे.”