गंधार कधी उतरवायचा: गेमच्या संगीतातून गोष्ट सांगताना

सिनेमाच्या संगीतकाराला नायिका दार कितव्या मिनिटाला उघडणार हे आधीच ठाऊक असतं. गेममध्ये खेळणारा त्या दारापाशी चार सेकंद थांबेल, नाहीतर जेवून येईल. म्हणून इथे अख्खं गाणं बांधून चालत नाही. सुटे भाग बांधायचे आणि ते कधी जोडायचे याचे नियम ठरवायचे. माझ्या मते गोष्ट त्या नियमांत असते, चालीत नंतर.

१९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये खर्जातले चारच उतरते स्वर आहेत. शत्रू जवळ येऊ लागला की ते जलद होतात, आणि तेवढ्यात सगळी भीती सांगून होते. १९९१ च्या 'मंकी आयलंड २'साठी मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी 'आयम्यूज' ही यंत्रणा वापरली. खेळणारा एका जागेतून दुसऱ्या जागेत गेला की चाल मध्येच तुटत नाही, वळणावर येऊन वळते.

आता आपल्याकडचं उदाहरण घेऊ. गेममधला प्रसंग असा: पोळ्याचा दुसरा दिवस, नागपूरच्या इतवारीतल्या गल्ल्या, मारबतीची (शेवटी जाळायच्या पुतळ्याची) मिरवणूक. गर्दीत एका मुलीच्या हातून आजीचा हात सुटतो, ती आजीला शोधते. आजीची धून पाच स्वरांची: सा रे ग प ग, भूप रागाच्या अंगाने. हात सुटला की फक्त गंधार (ग) कोमल करायचा, म्हणजे थोडा खाली उतरवायचा. भूपाचा शिवरंजनी झाला! राग न ओळखणाऱ्यालाही काहीतरी हरवल्याचं कळतं.

यात दोन चुका हमखास होतात. पहिली म्हणजे, शुद्ध गंधाराची धून आधी कानात मुरलेलीच नसते. आजी पडद्यावर असताना ती निदान तीनदा यायला हवी, तीही एकाच वाद्यावर. नाहीतर कोमल गंधार म्हणजे नुसती एक उदास चाल. दुसरी चूक मागच्या सुरावटीची. सिंथच्या पॅडमध्ये, म्हणजे मागे सतत धरलेल्या सुरांत, शुद्ध गंधार तसाच राहिला की तो वरच्या कोमल गंधाराशी भांडतो. पॅडमध्ये फक्त सा आणि प ठेवा. धुनीतला गंधार समेवर (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर) ठेवून दोन मात्रा धरा. तानेत लपवला तर कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आता गर्दी. लय मिनिटाला ९६ मात्रांची ठेवली तर एक मात्रा ०.६२५ सेकंदाची आणि चार मात्रांचं आवर्तन अडीच सेकंदांचं होतं. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४८,००० सॅम्पल्स (आवाजाच्या नोंदी) धरले तर, बरोबर १,२०,००० सॅम्पल्स. आकडा पूर्ण आला की लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) जुळवायला सोपा जातो. तानपुरा, ढोल, ताशा, सनई असे चार थर एकाच क्षणी सुरू करा आणि फक्त आवाज कमी-जास्त करा. ताशा मधूनच 'प्ले' केला की तो काही मिलिसेकंद मागे पडतो आणि ढोलाशी फाटतो. गोडॉट या गेम इंजिनात ४.३ आवृत्तीपासून असे थर एकत्र चालवायची सोय आहे. एफमॉड आणि वाइज या गेमच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये ती आधीपासूनच आहे.

गर्दीचा आकडा ५० च्या वर गेला की ताशा आत, असा नियम केला तर मुलगी ४९ आणि ५१ च्या मध्ये घुटमळताना ताशा सारखा चालू-बंद होतो. आत यायला ५०, बाहेर जायला ४० ठेवा. आवाज चढायला एक आवर्तन द्या, उतरायला दोन. ढोल १६ आवर्तनांचा आणि सनई १२ ची ठेवली तर दोन्ही पुन्हा एकत्र यायला ४८ आवर्तनं, म्हणजे १२० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात कान कंटाळत नाही.

प्रसंग बदलला की पुढच्या समेपर्यंतच थांबायचं, फार तर अडीच सेकंद. आठ आवर्तनांच्या टप्प्याची वाट पाहिली तर २० सेकंद जातात आणि तोवर प्रसंग संपून जातो. हात सुटल्याचा धक्का मात्र त्याच क्षणी हवा: ताशाचा एकच ठोका, मग सम.

रेकॉर्डिंगबद्दल थोडं सविस्तर, कारण घोळ तिथेच होतो. मिरवणुकीत रेकॉर्ड केलेला ढोल वापरायचा मोह आवरा. वादक रंगात आले की लय चढत जाते, लूप कधीच बसत नाही. क्लिक (लयीची टिकटिक) कानात घालून एकेक वाद्य वेगळं घ्या. सगळी चामड्याची वाद्यं एकाच दिवशी उरका. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या उन्हात कातडं ताणतं आणि सूर चढतो. भादव्याच्या दमटपणात तेच सैल पडतं. कूलर बंद करावाच लागतो, म्हणून पहाटेची वेळ धरा. लूप एमपीथ्रीत काढू नका. त्या फाइलच्या टोकांना शांततेचा बारीक तुकडा चिकटतो आणि दर फेरीला अडखळल्यासारखं वाटतं. ओजीजी किंवा वेव्ह घ्या. शेवटच्या ठोक्याची घुमक तुटू नये म्हणून लूप दोनदा सलग वाजवून दुसरी फेरी कापून घ्या.

"इडा पिडा घेऊन जा गे मारबत" हा घोष टिपेला गेला, मारबत पेटली, की सगळे थर बंद. चार आवर्तनं, दहा सेकंद शांतता. पण ती कोरी नको. लाकडं तडकल्याचा आणि दूरच्या माणसांचा हलका आवाज राहू द्या. अगदीच शुकशुकाट झाला तर खेळणारा हेडफोनची वायर तपासत बसतो. मग एकट्या बासरीवर सा रे ग प ग, लय न धरता. ही धून शुद्ध गंधाराची, आणि ती आजी पडद्यावर यायच्या आधी वाजवायची.