कपाटातले दोन दिवस

त्या दिवशी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तपास अधिकारी होते आणि माझ्या टेबलावर आर्टिकल 4, म्हणजे सुऱ्याचं पुडकं. खून रात्रीचा. प्रत्यक्ष पाहणारा एकच, आणि तो आधीच्या तारखेला फितूर झालेला. सरकार पक्षाकडे उरला होता तो आरोपीने काढून दिलेला सुरा आणि त्याच्या अंगावरून जप्त केलेला शर्ट.

खटला तेव्हा जुन्या कायद्याखालचा होता. पुरावा कायद्याच्या कलम 27 प्रमाणे आरोपी दोन पंचांसमोर निवेदन करतो, मग सगळे जागेवर जातात, तो वस्तू काढून देतो, जप्ती पंचनामा होतो. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. तिच्यामुळे जे नव्याने सापडलं तेवढाच भाग चालतो. 'याच सुऱ्याने मारलं' हे गळून पडतं, 'लपवलेला सुरा दाखवतो' एवढं उरतं. म्हणजे सगळा भार त्या वस्तूवर, आणि ती जप्तीपासून कोर्टापर्यंत कुणाकुणाच्या हातातून आली यावर.

आमच्याकडे कोर्टात दाखल कागदाला निशाणी क्रमांक पडतो, वस्तूला आर्टिकल. पुडकं उघडण्याआधी लाखेची मोहर शाबूत असल्याचं न्यायाधीशांना आणि दोन्ही वकिलांना दाखवायचं, मगच परवानगी घेऊन ब्लेड लावायचं. तेही मोहरेच्या बाजूने नाही, उलट बाजूने, म्हणजे मोहर आणि पंचांच्या सह्यांची चिठ्ठी अखंड राहते. वेष्टण फेकायचं नाही. त्यालाही स्वतंत्र क्रमांक द्यायचा, कारण पंच ओळखतो ती आपली सही, आणि सही असते वेष्टणावरच्या चिठ्ठीवर. चिठ्ठी नुसती खळीने डकवली असेल तर कसर लागून अर्धी खाल्लेली निघते. दोऱ्यात ओवून, दोऱ्याच्या गाठीवर लाख ओतली की वर्षानुवर्षं टिकते. हे काम मन लावून करणारे हवालदार मी पाहिलेत. त्यांचं पुडकं दुरून ओळखू येतं.

त्या दिवशीचं पुडकंही दिसायला व्यवस्थित होतं. बचावाच्या वकीलबाईंनी सुऱ्याला हातसुद्धा लावला नाही.

"सुरा जप्त केव्हा केला?"

"पाच तारखेला संध्याकाळी."

"मुद्देमाल रजिस्टरला नोंद?"

अधिकाऱ्यांनी रजिस्टर चाळलं. "सात तारीख."

"मधले दोन दिवस पुडकं कुठे होतं?"

"माझ्या कपाटात."

"आणि मोहर उमटवायचा शिक्का?"

"माझ्याकडेच."

बाई खाली बसल्या. पुढचा प्रश्न विचारायची त्यांना गरजच उरली नाही. ज्याच्याकडे पुडकं त्याच्याचकडे मोहरेचा शिक्का, आणि दोन दिवसांची नोंद नाही. पुडकं उघडून पुन्हा बंद केलं असं कुणी म्हणत नव्हतं. पण केलं नाही हे दाखवायला कागद नव्हता. पुडकं प्रयोगशाळेत नेऊन देणारा शिपाई साक्षीदारांच्या यादीतच नव्हता. जप्तीच्या वेळी मोहरेचा नमुना पंचनाम्याच्या समासात उमटवायचा असतो, तोही नव्हता. त्यामुळे प्रयोगशाळेने 'मोहर नमुन्याबरहुकूम' असं लिहिलं तरी तो नमुना मूळचाच होता, हे सिद्ध व्हायचं राहिलं.

शर्टाची गत तर मला अजून सहन होत नाही. ओलसर रक्ताचा कपडा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून वर लाख लावली होती. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, बुरशी येते, रक्त कुजतं. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, आला: मानवी रक्त आढळले, गट निश्चित करता आला नाही. कपडा सावलीत वाळवून कागदात गुंडाळला असता तर कदाचित गट लागला असता, डीएनएही मिळाला असता. एवढ्या साध्या गोष्टीला साधनसामग्री लागत नाही, वर्तमानपत्रही चालतं.

नौदल अधिकारी नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, तो गाजलेला खटला याच मुंबईच्या सत्र न्यायालयातला. लोकांना ज्यूरी आठवते. आठ विरुद्ध एक अशा मताने तिने 1959 साली निर्दोष म्हटलं, न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथे जन्मठेप झाली आणि 1961 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. बचाव असा होता की झटापटीत गोळ्या सुटल्या. पण मृताच्या कमरेचा टॉवेल जागचा हललेला नव्हता, आणि अपिलात तो बचावाला फार जड गेला. तिथे टॉवेलबद्दल वाद झाला तो अर्थाचा, कारण तो तसाच होता याबद्दल शंका नव्हती. आमच्या सुऱ्याच्या बाबतीत अर्थापर्यंत कुणी पोचलंच नाही.

आरोपी संशयाचा फायदा मिळून सुटला. बाहेर मृताचा भाऊ सरकारी वकिलांना विचारत होता, "साहेब, सुरा तर सापडला होता ना?" त्याला कपाटाचं कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी सगळा दोष फितूर साक्षीदारावर टाकला गेला. तो फितूर झाला हे खरंच. पण पुडकं धड असतं तर त्याच्यावाचून खटला उभा राहू शकला असता, आणि आरोपी निर्दोष असता तर तेही त्याच शर्टावरून कळलं असतं. दोन्हीपैकी काय खरं, हे आता कुणालाच कळायचं नाही, आणि मला तेच छळतं.

1 जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 खाली जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं हेही आलंय. चांगलंच आहे. पण चित्रीकरणाचं मेमरी कार्ड हाही मुद्देमालच. त्याला हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायच्या आकड्यासकट, प्रमाणपत्र लागतं, पुडकं लागतं, मोहर लागते, आणि त्याच तारखेची रजिस्टरमधली नोंद लागते. परवा एक कार्ड आलं ते साध्या पाकिटात, आरोपपत्राला टाचणीने टोचलेलं. पाकिटावर मुद्देमाल क्रमांक नव्हता. मी ते पोलिसांच्या वतीने कोर्टाचं काम बघणाऱ्या पैरवी हवालदाराला दाखवलं, तर तो म्हणाला, "साहेब, व्हिडिओ आहे की आत."