बदकं, गिनी कोंबड्या आणि सोलापूरचं ऊन

सोलापुरात बदकं पाळतेय म्हटलं की लोक आधी विचारतात, पाणी कुठून आणता? रास्तच प्रश्न आहे. उजनी धरण भरलेलं असो की आटलेलं, आमच्या हद्दवाढ भागात नळ चार-पाच दिवसांआडच येतो. पण बदकाला तळंच लागतं असं नाही. चोच, नाकपुड्या आणि डोळे धुता येतील एवढं खोल भांडं असलं की त्याचं भागतं; पोहायला मिळालं तर ती चैन. आमच्याकडे ती चैन म्हणजे घर बांधताना उरलेलं गवंड्याचं घमेलं. त्यातल्या पाण्याचा घटकाभरात चिखल होतो, मग तो शेवग्याच्या आणि कढीपत्त्याच्या बुडात ओतायचा. शेवग्याला शेंगा इतक्या लागल्या की आता शेजारी बदकांबद्दल बोलत नाहीत.

गिनी कोंबड्यांबद्दल बोलतात. त्याकडे येईनच.

हा कळप कुणी ठरवून जमवलेला नाही. आत्यांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मंगळवेढ्याहून गावरान कोंबड्या आणल्या. अंड्यांसाठी मी गिरिराज या सुधारित जातीच्या घेतल्या. आमच्या ह्यांनी कुठंतरी वाचून कडकनाथची जोडी आणली. उघड्या मानेची एक कोंबडी कुणीतरी शहर सोडताना देऊन गेलं. कडकनाथमुळे दारात गिऱ्हाईक वाढलं हे खरं, पण निम्मे लोक काळी अंडी मागायला येतात. कोंबडी काळी, मांस काळं, हाडंसुद्धा काळपट, अंडं मात्र फिकट बदामी. झाबुआच्या या जातीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून भाव चढला आणि त्याबरोबर गैरसमजही.

बदकं आणि गिनी आमच्या अंगणातच जन्माला आल्या, एका खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या गावरान कोंबडीच्या पोटाखाली. गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमाराला, संक्रांतीच्या आसपास ती खुडूक झाली. सोलापुरात अंडी बसवायची तर हाच काळ बरा. पिल्लं फेब्रुवारीत निघतात आणि एप्रिलचा फुफाटा सुरू होईपर्यंत त्यांच्या अंगावर पिसं आलेली असतात. होळीनंतर बसवलेल्या अंड्यांचा काही भरवसा नाही.

अडचण होती हिशेबाची. कोंबडीच्या अंड्याला 21 दिवस लागतात, बदकाच्याला 28, गिनीच्याला 26 ते 28. सगळी एकदम ठेवली तर कोंबडीची पिल्लं आधी निघणार, आई त्यांना घेऊन उठणार आणि बाकीची अंडी गार पडणार. म्हणून बदकाची आणि गिनीची अंडी आधी ठेवली, आठवड्यानं त्यांच्यात गावरान अंडी सारली. नंतरच्यांवर पेन्सिलीनं खूण केली, कारण तिच्याच जोडीच्या कोंबड्या गुपचूप येऊन त्या डालग्यात ताजं अंडं घालून जातात. डालग्यात खाली ओलसर वाळू, त्यावर गवत, आणि उवा होऊ नयेत म्हणून कडुलिंबाचा पाला. आपली हवा कोरडी, बदकाच्या अंड्याला ओलावा जास्त लागतो. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात कोमट पाण्याचा हबका मारत होते.

कोंबडीची मात्र चार आठवडे बैठक झाली. खुडूक कोंबडी स्वतःहून फार उठत नाही, वाळत जाते. मी रोज तिला उचलून बाहेर काढायची, ज्वारी आणि पाणी पुढ्यात ठेवायची.

"अगं, बाळंतीण आहे का ती?" आत्या म्हणायच्या. "आमच्या गावाकडं डालगं पालथं घातलं की झालं. तिची ती बसती."

पण मी घरी नसले की दाणे घालायला त्याच जायच्या.

पिल्लं निघायला लागली तेव्हाची गोष्ट सांगायला हवी. कोंबडीचं पिल्लू आतून कवचाला टोचा मारल्यावर बहुधा दिवसभरात बाहेर येतं. बदकाचं पिल्लू टोचा मारतं आणि थांबतं, चांगलं दिवस-दीड दिवस. आतल्या पापुद्र्यात रक्तवाहिन्या असतात, त्या सुकायच्या आत कवच सोलायला गेलं तर रक्त येतं आणि पिल्लू जातं. म्हणजे हात बांधून बसायचं. एका अंड्यातून चोच दिसत होती, आवाज येत होता, मग येईनासा झाला. पापुद्रा चामड्यासारखा वाळून पिल्लाला चिकटला होता. बाकीची निघाली, त्यांचा आनंद खराच होता, पण माझं लक्ष त्या एकावरून उडायला बराच वेळ लागला. हे मी कुणाला बोलले नाही. अंड्यातल्या बदकासाठी कोण सुतक पाळतं?

बदकाची पिल्लं पाण्यात उतरली आणि कोंबडी काठावर ओरडत राहिली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. आमच्याकडेही तसंच झालं. पण त्यातली खरी मेख कुणी सांगत नाही. बदक-आईच्या पिसांचं तेल पिल्लांच्या लवेला लागतं, म्हणून ती भिजत नाहीत. कोंबडीकडे ते तेल नाही. तिच्याखाली वाढलेलं पिल्लू पाण्यात गेलं की चिंब होतं आणि फेब्रुवारीच्या पहाटे गारठून मरू शकतं. म्हणून सुरुवातीचे आठवडे घमेलं पालथं ठेवलं आणि प्यायला खोल पण अरुंद तोंडाचं भांडं दिलं. त्यातूनही ती सांडायचीच. बदकं राहतात तिथं ओल राहते, आणि ओल म्हणजे कोंबडीच्या पिल्लांना रक्ती हगवणीला आमंत्रण. शेवटी बदकांचं पाणी खुराड्याबाहेर काढलं. कोंबडी मधोमध बसून दोन्हीकडच्या पोरांना हाका मारायची.

लसीचं वेगळंच. पाचव्या ते सातव्या दिवशी कोंबडीच्या पिल्लांना मानमोडीवरची, म्हणजे राणीखेत रोगावरची लासोटा लस द्यायची, डोळ्यात थेंब. मानमोडीवर आधी लस हाच उपाय आहे, रोग आल्यावर औषध नाही. ज्यानं मान पिळवटलेली कोंबडी एकदा पाहिली त्याला हे पटवावं लागत नाही. पण लहानात लहान कुपी मिळाली ती शंभर मात्रांची. एकदा कालवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली टाकायची. मूठभर पिल्लांसाठी शंभर मात्रा? मग गल्लीत निरोप फिरवला. विडी वळणाऱ्या दोन घरांतून, मागच्या तेलुगू मावशींकडून, पलीकडच्या कन्नड कुटुंबाकडून टोपल्या आल्या. संध्याकाळी ऊन उतरल्यावर थर्मासात बर्फ, ओट्यावर मी ड्रॉपर घेऊन, आणि तीन भाषांत पिल्लं धरा, पिल्लं सोडा. त्या दिवसापासून आठव्या आठवड्याचं इंजेक्शनही आम्ही एकत्रच आणतो.

मग मे आला. सोलापूरचा मे काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. पारा 44 च्या आसपास, आणि कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं एवढाच तिचा उपाय. पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, बाजूंना ओली गोणपाटं बांधली, पाण्यात गूळ-मीठ घातलं. दुपारी दाणे बंद ठेवले, कारण खाल्लेलं पचवतानाही अंगात उष्णता वाढते. उघड्या मानेची कोंबडी, जिला सगळे कुरूप म्हणायचे, ती सगळ्यांत निवांत होती. पिसं कमी, अंग लवकर निवतं. गिनी मुळात आफ्रिकेतल्या, त्यांना काही वाटलंच नाही. बदकं शेवग्याखालच्या चिखलात पोट टेकून पडायची. पण गिरिराज वजनदार. माझी सगळ्यांत माणसाळलेली गिरिराज कोंबडी, जी भाकरीचा तुकडा हातातून घ्यायची, एका दुपारी गोणपाटाच्या ओल्या सावलीत पंख पसरून पडली ती उठली नाही. सगळं केलेलं होतं. तिच्या अंगाला ते पुरलं नाही. आत्यांनी तिला शेवग्याजवळ पुरलं आणि त्या दिवशी भाकऱ्या त्यांनीच थापल्या.

आता गिनी. सुंदर पक्षी, ठिपक्यांची पैठणी नेसलेला, आणि गळा मात्र न तेल घातलेल्या रहाटाचा. पावसाळ्याच्या तोंडाला कुंपणातून नाग आला, तेव्हा त्यांनी असा कालवा केला की अख्खी गल्ली बाहेर आली. शेजाऱ्यांच्या तक्रारी तेव्हापासून निम्म्या झाल्या. निम्म्या अजून आहेत, कारण नवा माणूस, पोस्टमन, उडालेली पिशवी, सगळ्यालाच त्या नाग समजतात. शिवाय गिनीची मादी खुराड्यात अंडी घालत नाही. आमची कुंपणाच्या वेड्या बाभळीत लपून बसायला लागली आणि एका पहाटे मुंगसानं तिला नेलं. सकाळी पिसं सापडली, आणि काही कडक कवचाची अंडी तशीच शिल्लक. ती परत एका खुडूक कोंबडीखाली ठेवली, पण वेळ गेलेली होती.

आखाडात वेगळा प्रश्न येतो. निघालेल्या पिल्लांत निम्मे कोंबडे. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरतो, जास्त ठेवले तर मारामाऱ्या होतात आणि कोंबड्यांची पाठ सोलवटते. आखाडात भाव चांगला मिळतो, श्रावण लागला की कुणी विचारत नाही. तेव्हा विकायचे ते आखाडातच. मी विकते, पैसे घेते, आमच्या घरात आमचा कोंबडा शिजत नाही. ह्यांना हा दुटप्पीपणा वाटतो. असेल.

मागे एका नातेवाइकानं शेंगपेंडीचं पोतं स्वस्तात देऊ केलं, पावसात जरा भिजलेलं. सोलापुरात शेंगा म्हणजे घरचंच खाणं, पेंडीला कोण नाही म्हणेल? पण जनावरांचे डॉक्टर म्हणाले, बदकं असतील तर बुरशीच्या पेंडीला हातही लावू नका. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या, त्या ब्राझीलहून आलेल्या बुरशी लागलेल्या शेंगपेंडीनं. अफलाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा शोध त्यातूनच लागला. बदकाचं पिल्लूही त्या विषाला फार नाजूक. पोतं परत गेलं, नातेवाईक काही दिवस रुसले.

पुढच्या संक्रांतीला पुन्हा कोंबडी बसवणार आहे. बदकं घमेल्याला झेपतील तेवढीच. गिरिराज पिल्लं पावसाळ्यानंतर आणायची, म्हणजे थंडी त्यांच्या वाढीला मिळेल. मेमध्ये मोठी गिरिराज ठेवायची नाही. आत्यांच्या डोक्यात आता टर्की आहे. कोंबड्यांच्या विष्ठेतल्या जंतांमधून टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग होतो, दोघांना एका अंगणात ठेवू नये, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि मंगळवार बाजारात टर्की कितीला मिळते ते विचारून आल्या.