लंबकाची वही: ९.६५ पासून ९.७८६ पर्यंत

सप्टेंबरात घरातल्या माळवदाच्या तुळईला एक पोलादी गोळा टांगला, तेव्हा काम पंधरा दिवसांचं वाटलं होतं. पुण्यातलं गुरुत्व त्वरण घरच्या घरी मोजायचं, तेही तिसऱ्या दशांशापर्यंत, एवढाच बेत होता. डिसेंबर उजाडला तरी गोळा तिथेच आहे. वहीची चाळीस पानं भरली आहेत. ज्यांना हा प्रयोग करून बघायचा आहे, त्यांच्यासाठी आत्तापर्यंतचा सगळा प्रवास आकड्यांसकट लिहितो.

सूत्र शाळेतलंच. दोलनकालाचा, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग लांबीच्या सम प्रमाणात असतो. ४ गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग, की त्वरण हातात. मोजायच्या गोष्टी दोनच: लांबी आणि वेळ. उत्तर काय यायला हवं याचा अंदाजही आधीच काढता येतो. पुण्याच्या १८.५ अंश अक्षांशावर समुद्रसपाटीला ९.७८५५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकं त्वरण येतं. पुणे सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि दर मीटरमागे त्वरण साधारण ०.०००००३१ ने घटतं, म्हणून ९.७८३८. पायाखालचा काळा पाषाण स्वतःकडे ओढून थोडं परत देतो. तेव्हा लक्ष्य ९.७८४ च्या आसपास.

१४ सप्टेंबर. जुन्या बाजारातून आणलेला ५ सेंटिमीटर व्यासाचा बेअरिंगचा गोळा, वजन अर्धा किलो. सुती दोरा, तुळईतली झोपाळ्याची जुनी कडी, मोबाइलवरचं स्टॉपवॉच. लांबी २ मीटर ४० सेंटिमीटरच्या घरात. १०० झोक्यांची वेळ घ्यायची (इथे झोका म्हणजे जाऊन येऊन एक), असं दहा वेळा केलं. सरासरी ९.६५. दहाही उत्तरं एकमेकांपासून ०.०१ च्या आत.

या दहा आकड्यांपाशी मी खूप वेळ थांबलो. ते एकमेकांशी इतके छान जुळत होते की विश्वास ठेवावासा वाटत होता. पण खऱ्या किमतीपासून ते सगळे मिळून ०.१३ ने खाली होते. आकडे आपापसांत जुळणं आणि आकडे बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पुस्तकात वाचलेलं होतं. त्या रात्री ते समोर लिहिलेलं दिसलं. आणखी शंभर वेळा मोजलं असतं तरी ९.६५ च आलं असतं, फक्त जास्त ठामपणे.

पहिला दोष लगेच सापडला. दोरा मी गोळा अडकवण्याआधी मोजला होता. गोळा लावून पुन्हा टेप धरली तर लांबी १८ मिलिमीटर जास्त! सुती दोरा ताणतो आणि पावसाळी हवेत दिवसागणिक वेगळा ताणतो. दोरा काढला आणि तंबोऱ्याची पोलादी तार लावली. वाद्यांच्या दुकानात तिचं भेंडोळं मिळतं, हवी तेवढी लांब कापता येते. हिशोबाने अर्ध्या किलोखाली ही तार पाऊण-एक मिलिमीटर ताणते, म्हणून लांबी नेहमी गोळा टांगलेला असतानाच मोजायची, आणि ती गोळ्याच्या केंद्रापर्यंत धरायची. उत्तर ९.७२ वर आलं.

दुसरा दोष कोनाचा. झोका चांगला दिसावा म्हणून मी १० अंशांपर्यंत ओढून सोडत होतो. शाळेतलं सूत्र फक्त फार लहान कोनासाठी खरं आहे. कोन मोठा असला की दोलनकाल किंचित वाढतो, आणि ती वाढ कोनाच्या वर्गाच्या सोळाव्या भागाइतकी असते (कोन रेडियनमध्ये घ्यायचा). १० अंशांना ०.१९ टक्के. १०० झोक्यांत अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. त्वरणात हा दोष दुप्पट होऊन येतो, कारण वेळेचा वर्ग आहे. ३ अंशांवर आणलं तर वाढ ०.०१७ टक्के उरते, आणि तीही सूत्राने वजा करता येते. भिंतीवर कागदी पट्टी चिकटवून दर ५० झोक्यांनी झोक्याची रुंदी लिहायला लागलो. गोळा हाताने सोडला तर थोडा तिरपा धक्का बसतो आणि तो लंबवर्तुळात फिरू लागतो. म्हणून तो दोऱ्याने बाजूला बांधायचा आणि काडेपेटीने दोरा जाळायचा. हे सगळं केल्यावर ९.७६.

अजूनही ०.०२ खाली. माझा संशय बोटावर होता. स्टॉपवॉच दाबायला लागणारा वेळ दर खेपेला दीड-दोन दशांश सेकंदांनी कमीजास्त होऊ शकतो. (हाताने मोजणाऱ्यांनी गोळा टोकाला थांबताना दाबू नये. तो तळातून सर्वांत वेगाने जातो तेव्हा दाबावं. टोकाला तो क्षण नेमका कुठला हे डोळ्याला कळतच नाही.) तर बोट बाजूला काढायचं ठरवलं. एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी, समोर तो प्रकाश ओळखणारा फोटोट्रान्झिस्टर, मधून गोळ्याखालची सुई जाते, आर्डुइनो हा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड वेळ लिहून घेतो.

१९ ऑक्टोबर. नव्या यंत्राने पहिलं उत्तर ९.७३८. दुसरं ९.७३७. तिसरं ९.७३९. फरक फक्त तिसऱ्या दशांशात, पण उत्तर आधीपेक्षा वाईट.

हा आठवडा मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. आपण उपकरण सुधारतो तेव्हा उत्तरही सुधारेल असं गृहीत धरतो. इथे विखुरणं दहापट कमी झालं आणि चूक वाढली. तारेची लांबी पुन्हा मोजली, कोनाचा हिशोब पुन्हा केला, सुईची जागा तपासली. सगळं ठीक. मग उरलं घड्याळ. आर्डुइनो ऊनोच्या मुख्य चिपला क्वार्ट्झ स्फटिकाचा आधार नसतो. त्यावर सिरॅमिक रेझोनेटर असतो, आणि त्याचा ठोका सहज हजारात एक-दोनने चुकू शकतो. दिवे लावायला ते चालतं, लंबकाला चालत नाही. मी बोर्ड २४ तास चालू ठेवला आणि इंटरनेटवरून घेतलेल्या प्रमाणवेळेशी ताडून पाहिला. तो दिवसाला ९८ सेकंद पुढे धावत होता! म्हणजे ०.११३ टक्के. वर्गामुळे त्वरणात ०.२२६ टक्के घट. ९.७६ चं ९.७३८ कसं झालं याचा पै न पै हिशोब लागला.

आता डीएस३२३१ हे घड्याळाचं मॉड्यूल जोडलंय. त्यात तापमानाची भरपाई करणारा स्फटिक असतो, आणि चूक दहा लाखांत दोनच्या आत, म्हणजे दिवसाला पाव सेकंदाहून कमी. ज्यांच्याकडे फक्त आर्डुइनो आहे त्यांनी निदान एक दिवस तो प्रमाणवेळेशी ताडून बघावा आणि येईल तो गुणक लावावा. तेही पुरेसं आहे. उत्तर परत ९.७६ वर आलं.

आता वेळ निर्दोष होती, कोन निर्दोष होता. राहिली लांबी. इथे एक जुनी युक्ती वापरली. लांबी नेमकी कुठून कुठपर्यंत हे ठाऊक नसेल तर एका लांबीवर विसंबायचं नाही. मी १.२ मीटरपासून २.४ मीटरपर्यंत पाच लांब्या घेतल्या, प्रत्येकीचा दोलनकाल मोजला आणि आलेख कागदावर लांबी आडवी, दोलनकालाचा वर्ग उभा असे बिंदू मांडले. पाचही बिंदू सुरेख सरळ रेषेत आले. पण रेषा शून्यातून जाईना. मागे वाढवली तर ती लांबीच्या अक्षाला शून्याच्या ६ मिलिमीटर अलीकडे छेदत होती. लंबक मला सांगत होता की माझी प्रत्येक लांबी ६ मिलिमीटर कमी आहे.

शिडी लावून कडीपाशी डोळा नेला. मुलीला खाली गोळा हलवायला सांगितलं. कडी तारेबरोबर हलत होती. मी जिथून लांबी मोजत होतो तो बिंदू स्थिर नव्हताच. झोका सुरू होत होता तो त्याच्या वर, कडी तुळईत शिरते तिथून. हे टेपने कधीच कळलं नसतं. आलेखाने जमिनीवर बसून सांगितलं. रेषेच्या चढावर असल्या स्थिर चुकीचा काहीच परिणाम होत नाही, म्हणून फक्त चढ घेऊन त्वरण काढलं: ९.७८६, कमीजास्त ०.००५.

मंडळी, त्या संध्याकाळी मी आलेख कागद देवघराशेजारच्या भिंतीवर लावला, आणि तो अजून तिथे आहे.

नंतर कडी काढून ड्रिल मशिनचा जुना चक लोखंडी पट्टीवर घट्ट बसवला. तार त्याच्या जबड्यात धरली जाते आणि नेमकी जबड्याच्या कडेलाच वाकते. रेषा आता शून्यापासून एक मिलिमीटरच्या आत येते. आधार हलण्याचा हा दोष मोठमोठ्यांना भोवला आहे. १८७० च्या दशकात अमेरिकेच्या किनारा सर्वेक्षणासाठी लंबक झुलवणाऱ्या चार्ल्स पर्स यांनी दाखवून दिलं की त्या काळची नावाजलेली तिवईच लंबकाबरोबर डोलते आहे.

एक लक्षात आलं असेल. दोरा, कोन, कडी, या तिन्ही चुका त्वरण कमीच दाखवत होत्या. चुका एकमेकींना खोडून काढतील अशी आशा धरू नये. माझ्या त्या पहिल्या ९.६५ मध्ये तिघी एकाच बाजूला ओढत होत्या.

७ डिसेंबर. सध्याचं काम तापमानाचं आहे. पहाटे खोलीत १९ अंश, दुपारी २६. तास-तासभर लंबक चालवला. पोलाद दर अंशाला दहा लाखांत सुमारे १२ ने वाढतं, तेव्हा ७ अंशांत तासाला ०.१५ सेकंदाचा फरक यायला हवा. पाच दिवसांच्या नोंदींत ०.१३ ते ०.१७ आला. तारेची वाढ केसाच्या जाडीच्या दोन-तीन पट, डोळ्याला न दिसणारी, आणि ती दुपारच्या झोक्यांत स्वच्छ मोजता येते!

हे करायचं कारण पुढचा बेत: लंबक दुसऱ्या गावी नेऊन तुलना करायची. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलज्ञ झाँ रिशेने पॅरिसहून दक्षिण अमेरिकेतल्या कायेन इथे घड्याळ नेलं, तर ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडू लागलं. लंबक जेमतेम ३ मिलिमीटर आखूड करावा लागला. त्या फरकातून न्यूटनने पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्याचा पुरावा काढला. आणि आपल्याकडची गोष्ट तर मला अधिक जवळची वाटते. विल्यम लॅम्बटनने सुरू केलेल्या भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काम केलेला हेन्री केटर पुढे इंग्लंडला परतला आणि दोन्ही बाजूंनी टांगता येणारा लंबक त्याने बनवला. लॅम्बटनची कबर आपल्या हिंगणघाटला आहे, १८२३ ची. त्याच सर्वेक्षणात १८६५ पासून कॅप्टन जेम्स बसेवी पितळी लंबक घेऊन भारतभर फिरला. १८७१ मध्ये लडाखच्या मोरे पठारावर, सुमारे ४७०० मीटर उंचीवर, त्याने मोजमाप केलं, आणि त्याच मोहिमेत त्याचा मृत्यू झाला. पठारावरचं त्वरण अपेक्षेपेक्षा कमी भरलं. हिमालयाचा वरचा भार खालच्या हलक्या खडकाने तोललेला आहे, हे प्रॅट आणि एअरी या इंग्रज अभ्यासकांनी १८५० च्या दशकात मांडलेलं म्हणणं त्या झोक्यांतून दिसत होतं.

बसेवीच्या लंबकांची खरी खुबी अशी की त्यांची लांबी मोजायची गरजच नव्हती. लंबक तोच राहिला पाहिजे, बस. वेगवेगळ्या गावी त्याचा दोलनकाल किती बदलतो तेवढं बघायचं. माझी सगळी अनिश्चितता टेपमध्ये आहे. तुलना करायची ठरवली की टेप घरी राहते.

म्हणून फेब्रुवारीत महाबळेश्वर. पुण्याहून सुमारे ८०० मीटर उंच. उंचीमुळे त्वरण ०.००२५ ने घटेल, पठाराचा खडक त्यातलं ०.०००९ परत देईल, आणि अक्षांश थोडा दक्षिणेला असल्याने आणखी ०.०००३ जाईल. लंबक दिवसाला सुमारे ८ सेकंद मागे पडायला हवा, तासाला एक तृतीयांश सेकंद. पण तिथे खोली ८ अंशांनी थंड असली तर तार आकसून लंबक दिवसाला ४ सेकंद पुढे धावेल आणि निम्मा परिणाम गिळून टाकेल. तापमानाच्या या पाच दिवसांच्या नोंदी त्याचसाठी आहेत.

नवा लंबक एक मीटरचा केलाय. वरचं टोक चकात कायमचं, खालचं गोळ्यात, दोन्ही सांध्यांवर रंगाची खूण, म्हणजे प्रवासात काही सरकलं तर कळेल. वारा लागू नये म्हणून भोवती जाड पीव्हीसी पाइप, आत दोन तापमापक, एक वर आणि एक खाली. चार रात्री पुण्यात, चार महाबळेश्वरला, पुन्हा चार पुण्यात. शेवटच्या चार रात्री पहिल्या चारांशी जुळल्या नाहीत तर मधले आकडे मी धरणार नाही.

रत्नागिरी, मालवण किंवा गोव्यात समुद्रालगत कोणाकडे जाड दगडी भिंत आणि बंद खोली असेल तर मार्चमध्ये हाच लंबक तिथे न्यायची माझी तयारी आहे. भिंतीत दोन भोकं पाडावी लागतील.