टूथपिक मोजणारे आणि न मोजणारे

इथे सिडनीत माझ्या टीममध्ये एक जण ऑटिस्टिक (म्हणजे स्वमग्न) आहे आणि नवीन माणूस आला की ती स्वतःच सांगून टाकते, म्हणजे मागून कुजबुज नको. मग ठरलेला प्रश्न येतोच, "अरे वा, म्हणजे तुझं गणित भारी असेल!" तिचं गणित माझ्याइतकंच यथातथा आहे, बिल वाटायचं तर दोघी फोन काढतो.

हे सगळं १९८८ च्या 'रेन मॅन' सिनेमाचं देणं. टूथपिक खाली सांडतात आणि त्यातला ऑटिस्टिक रेमंड, म्हणजे डस्टिन हॉफमन, बघताक्षणी सांगतो २४६, डबीत राहिलेल्या ४ धरून बरोब्बर २५०. सीन जबरदस्तच आहे, ऑस्कर उगाच नाही मिळालं, पण विलक्षण स्मरणशक्तीच्या ज्या किम पीक या माणसावरून कल्पना सुचली तो ऑटिस्टिक नव्हताच असं नंतर डॉक्टरांचं मत पडलं. अशी अचाट स्मरणशक्ती फार थोड्या ऑटिस्टिक लोकांत असते, तरी साचा तोच चालू राहिला. आपला २०१० चा 'माय नेम इज खान' घ्या, रिझवान काय वाट्टेल ते दुरुस्त करतो. 'द गुड डॉक्टर' या सिरीजमधला शॉन तर डायरेक्ट सर्जन! म्हणजे आधी करामत दाखवायची मग पडद्यावर जागा मिळणार, नाहीतर दुसऱ्या कुणाला तरी शहाणं करायला यायचं. ('रेन मॅन'मध्येसुद्धा बदलतो तो धाकटा भाऊ, रेमंड शेवटी होता त्याच संस्थेत परत जातो.)

म्हणून २०२२ मध्ये इथलीच 'हार्टब्रेक हाय' ही सिरीज आली तेव्हा बरं वाटलं. त्यातल्या क्विनीचं काम करणारी क्लोई हेडन स्वतः ऑटिस्टिक आहे आणि ते जाणवतं हो. क्विनी मैत्रिणींत रमते, प्रेमात पडते, चारचौघांसारखं वागायचा आटापिटा करून दमते, आणि एकदा सगळं इतकं असह्य होतं की तिचं बोलणंच बंद पडतं. तो एपिसोड बघून टीममधली ती म्हणाली, ऑफिस पार्टीनंतर मी घरी अशीच असते. पार्टीत तर ही सगळ्यांशी हसून बोलत असते, आम्हाला कुणाला पत्ताच नव्हता.

तिची तक्रार आहेच. जे कधीच बोलत नाहीत, ज्यांना सतत मदत लागते, त्यांच्या वाट्याला काय? ऑस्ट्रेलियाच्याच सिया या गायिकेचा २०२१ चा 'म्युझिक' हा सिनेमा आला, पण त्यातल्या तशा ऑटिस्टिक मुलीची भूमिका ऑटिस्टिक नसलेल्या मुलीला दिली, वर तिला जमिनीवर दाबून धरायचे सीन, त्यावरून ऑटिस्टिक लोक भयंकर चिडले, आणि चिडणारच ना. स्वतःसाठी तिची मागणी साधी आहे, पुढच्या सिरीजमध्ये एखादी आळशी, विसरभोळी, थोडी खडूस ऑटिस्टिक बाई दाखवा, ऑडिशनला ती स्वतः जाईल म्हणते.