अमावास्येची जागल

रविवार, १७ मे. रात्रीचे साडेनऊ.

दोनदा आंघोळ केली तरी अंगाला गोवऱ्यांच्या धुराचा वास येतोच आहे. बायकोने सतरंज्या, चादरी, पोरांचे कपडे सगळं बाल्कनीत नेऊन टाकलंय आणि तो तंबू घरात येणार नाही, असं जाहीर केलंय. तंबू सध्या गाडीच्या डिक्कीत आहे. कूलरमध्ये पाणी भरायची पाळी माझी, ती थोडी लांबवावी म्हणून लिहायला बसलोय.

खापर धाकट्यावर फोडायला हवं. त्याच्या वर्गातला कुणी मुलगा सुट्टीत डोंगरात कॅम्पिंगला जाऊन आला. तेव्हापासून घरात एकच भुणभुण. "आपण कुठे जातो? मामाआजोबांकडे." हे तो अशा आवाजात म्हणायचा, की मामाआजोबांचं गाव म्हणजे जणू दवाखान्याची रांग. शेवटी मी मोबाइलवरून तंबू मागवला. चार माणसांचा. म्हणजे चारही माणसांनी रात्रभर कूस न बदलण्याची शपथ घेतली तर चार.

आता नागपूरच्या माणसाने मे महिन्यात तंबू घ्यावा, यापरता वेडेपणा नाही. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून आठवड्यावर आहे. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत गेला, की तिथून ते नऊ दिवस मोजायचे. पण ऊन थोडंच पंचांग बघून तापतं? दुपारी बारा ते पाच रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. म्हणून ठरवलं, तंबूचा हट्ट पुरवायचा तर मामाच्याच वावरात. रामटेकपासून थोडं आत आहे, विहिरीला पाणी आहे, आंब्याची झाडं आहेत आणि फजिती झालीच तर पन्नास पावलांवर मामाचं घर आहे.

आईला सांगितलं, तर तिने आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

"शनवारची अवस, अन् हे वावरात झोपाले चालले. काहून रे, घरात जागा नाई का?"

तासाभराने तीच पिशवी भरत होती. शेवटी माहेर होतं तिचं. मला विचारलं एवढंच, की रविवारी किती वाजता परत. कारण आजपासून अधिक महिना लागला, म्हणजे धोंड्याचा महिना. माझ्या बहिणीच्या नवऱ्याला जेवायला बोलवायचं, अनारशांचं पीठ आधी करून ठेवायचं, हे सगळं तिच्या डोक्यात चैत्रापासून सुरू आहे.

पिशवीत काय काय होतं ते लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कामी येईल. ज्वारीच्या खारोड्या, गेल्या महिन्यात गच्चीवर वाळवलेल्या. भिवापुरी मिरचीचं नवं तिखट. तूप. फल्लीदाणे. कांदे. कैऱ्या चार, तक्कूसाठी. जाडसर दळून आणलेली कणीक तीन किलो. वांगी, टमाटर, आलू आणि सांबार मी सकाळी सहाला कॉटन मार्केटमधून आणले. (पुण्याची चुलतबहीण एकदा आमच्याकडे आली, तेव्हा आई तिला "भाजीवर सांबार टाक" म्हणाली. ती बिचारी इडलीचं सांबार शोधत राहिली. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे तिला आजही पटलेलं नाही.)

दुपारी चारला निघालो. कन्हानचा पूल ओलांडून एका ढिगाजवळ थांबलो आणि दोन टरबुजं घेतली. आईने प्रत्येकाला टिचकी मारून, कानाशी धरून निवडली. मी निवडलेलं तिने परत ठेवलं.

मामाने तंबू बघितला. त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग कापडाला हात लावून म्हणाला, "काय जी भाचे, याच्यात हवा कुठून येते?"

हा प्रश्न तंबू घेताना मला पडायला हवा होता.

गहू निघालेल्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या वावराच्या तुकड्यात, तंबू लावायला घेतला. काळी माती उन्हाने अशी तडकली होती, की भेगांत हात जाईल. ढेकळावर खुंटी ठोकली की वाकायची. भेगेजवळ ठोकली तर सरळ आत. एक खुंटी माझ्या डोळ्यांदेखत जमिनीच्या पोटात गेली. धाकट्याने भेगेत टॉर्च मारला, काडी घातली, पण ती काही वर आली नाही. मोठी बाजूला बसून फोनवर चित्रण करत होती. शेवटी तंबूच्या दोऱ्या मामाच्या बैलगाडीच्या जुवाला आणि दोन विटांना बांधल्या. उभा राहिला एकदाचा.

तोवर मामी आंबे घेऊन आली. आणि त्यानंतरचा अर्धा तास तंबूचं नाव कुणी काढलं नाही.

मामाच्या धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, गावरान आंब्याची पाच झाडं आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. शेंदऱ्या, म्हणजे खांद्यावर लाली येते तो. खोबऱ्या, कच्चाच खावा असा. गोटी, नावाप्रमाणे बारका. एकाला नुसतंच लोणच्याचा म्हणतात, तो पिकून कधी गोड होत नाही. आणि शेप्या. शेप्याला शेपूच्या भाजीचा वास येतो. ऐकून तोंड वाकडं कराल, पण आमच्या घरात हापूसपेक्षा शेप्याला मान आहे. कोयीतून उगवलेलं झाड आईसारखं निघेलच असं नसतं, म्हणून कलमी आंब्यासारखी गावरानची एकसारखी जात नसते. जेवढी झाडं तेवढ्या चवी, आणि म्हणूनच गायी-बैलांसारखी झाडांनाही नावं. शेप्या आईच्या वडिलांनी लावलेला. यंदा त्याला फार धरले नाहीत. मामाने मोजून दोन टोपली उतरवले आणि तणसात, म्हणजे भाताच्या पेंढ्यात, पिकायला माच घातली. बाजारातला आंबा पावडर टाकून पिकवलेला असतो, वरून पिवळाधमक आणि आत आंबट. माचीतला शेप्या हिरवाच दिसतो, फक्त देठाजवळ जरा सैल पडतो.

माझ्या पोरांना आंबा म्हणजे फोडी नाहीतर वाटीतला रस. आईने दोघांना समोर बसवून शिकवलं. दोन्ही तळव्यांत धरून हलके हलके दाबत फिरवायचा. सगळीकडून मऊ झाला की देठाकडचं टोक दाताने काढायचं. पहिले दोन थेंब पिळून टाकायचे, तो चीक, ओठ उततात. मग तोंडाला लावायचा आणि खालून दाबत जायचं. धाकट्याने घाई केली. कोय सुळकन निघाली, त्याच्या पोटावरून घसरून मातीत पडली. त्याने ती उचलली, शर्टला पुसली आणि चोखली. मोठीने फोन खाली ठेवला. मी हे मुद्दाम लिहून ठेवतोय.

आईचा यंदाचा हा पहिला शेप्या. आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांना घागर आणि आंबा दिल्याशिवाय ती आंब्याला हात लावत नाही. आखजी एप्रिलातच झाली, पण त्यानंतर बाजारातून आणलेल्या बैगनफल्लीचा तिने फक्त वास घेतला. "तिकडचा येऊ दे." एवढंच म्हणाली होती.

अंधार पडता पडता रोडगे. विदर्भात हे काम पुरुषांचं, निदान वावरात तरी, आणि त्यात प्रत्येक पुरुष स्वतःला अधिकारी समजतो. कणकेत मीठ, ओवा, तेलाचं मोहन. घट्ट भिजवायची. मग लहान-मोठ्या पाऱ्या थापून एकीवर एक ठेवायच्या, मध्ये तेलाचं बोट, आणि सगळ्यात मोठ्या पारीत गुंडाळून गोळा बंद करायचा. मामाने आधी बांधीत ओंजळभर काडी राहणार नाही इतकी जागा झाडली, कडेने पाणी मारलं आणि पाण्याचा ड्रम जवळ आणून ठेवला. मे महिन्यात एक ठिणगी बांधच्या बांध खाते. मग गोवऱ्या रचून पेटवल्या. जाळ बसला, निखारा झाला, की त्यावर रोडगे. सगळ्या बाजूंनी फिरवून कडक झाले की गरम राखेखाली पुरायचे आणि गप्प बसायचं.

हे गप्प बसणं मला जमलं नाही. भूक लागली होती. मामा विहिरीकडे गेला तशी मी राख उकरली, एक काढला, झटकला, फोडला. आत पांढरीफेक कच्ची कणीक. मी तो परत पुरला. वीस मिनिटांनी मामाने बाहेर काढला, उलटापालटा करून बघितला आणि कुणाला काही न विचारता माझ्याच ताटात वाढला. राखेने भरलेला तो रोडगा मी पूर्ण खाल्ला.

बाकीचे मात्र काय झाले होते! फडक्यात धरून पुसायचे, बुक्कीने फोडायचे, आतून पापुद्रे सुटतात, त्यात तूप ओतायचं. बाजूला गंजभर वांगं-आलू, तर्री वर आलेली, वरण, आणि कांदा-कैरीचा तक्कू. कॉलनीतल्या लग्नात केटरर जे "रोडगे" वाढतात, ते तळलेले असतात. त्यांना राखेचा स्पर्श नसतो. मला विचाराल तर त्यांना दुसरं नाव द्यावं.

जेवण झाल्यावर पोरं तंबूत गेली. पाच मिनिटांत बाहेर आली, घामाने निथळत. मी आत डोकं घातलं. दिवसभराची धग त्या कापडाने आणि खालच्या जमिनीने जपून ठेवली होती. मामी काही बोलली नाही. तिने आधीच चार बाजा, म्हणजे खाटा, अंगणातून आणून बांधीत टाकल्या होत्या, वर ओल्या चादरी.

पश्चिमेला शुक्र मावळत आलेला, त्याच्या वरच्या अंगाला गुरू. अवस असल्यामुळे आभाळ गच्च भरलेलं. नागपुरात आमच्या गच्चीवरून सात-आठ चांदण्या दिसतात, त्यातल्या दोन विमानं निघतात. मोठीने सप्तर्षी ओळखला. मी तिला त्याच्या शेपटीचा बाक पुढे न्यायला सांगितला. आधी स्वाती, तशीच पुढे चित्रा. मग वृश्चिक आग्नेयेकडून वर येताना दिसला, मधली ज्येष्ठा लालसर. तिनेच सांगितलं, की पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली, आणि उजेड आभाळात जाऊ नये म्हणून आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करून लावले. मामाचं वावर काही पेंचमध्ये येत नाही, पण दिशा तीच. मामा म्हणाला, "अंधाराले बी बक्षीस देतेत आता?" त्याला खरंच नवल वाटलं होतं.

धाकटा हिरमुसला होता. तंबूत झोपलो नाही, मग हे कॅम्पिंग कसलं? तर आई आपल्या बाजेवरून बोलायला लागली.

"याले आम्ही जागल म्हणो. माझा बाप हरभरा उभा असला का महिना महिना घरी नाई झोपे. मचाणावर राहे, डुकरं हाकलाले. मी भाकर घेऊन याओ. एक दिवस पाऊस आला, अन् मी मचाणावरच राह्यली. रातभर बाप डबा वाजवत होता अन् मी त्याच्या घोंगड्यात."

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

"मग डुक्कर आलं?" धाकटा.

"आलं ना. पाच आले. डब्याले भेत नाई ते."

पुढे तिने किती सांगितलं, मला माहीत नाही. पहाटे कधीतरी वारा थंड झाला आणि ओली चादर अंगावर ओढून घ्यावी लागली. मे महिन्यात! उजाडताना बायांचा घोळका बोलत बोलत धुऱ्यावरून गेला, तेंदूपत्त्याला निघालेला. तंबूची चेन उघडीच राहिली होती. आत मामाचा कुत्रा ऐसपैस झोपला होता. चार माणसांचा तंबू एका कुत्र्याला बरोबर पुरतो.

येताना रामटेकच्या स्टँडजवळ एका आजीकडून चारं घेतली, पानाच्या द्रोणात, काळीभोर. चोखून टाकायची, आतल्या बियांतून चारोळी निघते. पोरांनी बिया साठवून ठेवल्यात, दगडाने फोडणार म्हणे. दिवाणखान्यात फोडू नका, एवढंच मी सांगितलं.

आत्ता आई बाल्कनीतून हाका मारतेय. तिने शेप्याच्या तीन कोया रुमालात बांधून आणल्या होत्या, हे मला घरी आल्यावर कळलं. तिसऱ्या मजल्यावर आंबा लावणार कुठे? धाकट्याने रंगाची रिकामी बादली शोधून काढलीय आणि खालून माती आणलीय. फळं यायला आठ-दहा वर्षं लागतात, हे मामाने त्याला सांगितलेलं. त्याने लगेच हिशेब केला. तो तेव्हा वीस वर्षांचा असेल आणि बादली पुरणार नाही. मग ती मामाआजोबांच्या धुऱ्यावर न्यायची, असं त्यानेच ठरवून टाकलं.

आई म्हणतेय, "पाणी लय नको टाकू रे, कोय सडते."

कूलर कोरडा फिरतोय. उठतो.